नुसतं खेळवतात!

अंगणवाडीबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार तीन शब्दांची आहे. 'काही शिकवत नाहीत.' तिच्या पाठोपाठ दुसरी येते, 'नुसतं खेळवतात.' धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, ईटसारख्या गावात पाच वर्षांच्या लेकराच्या आईबापांशी बोलत बसलं की चहा संपायच्या आत बोलणं या दोन वाक्यांपाशी येतंच. आजी जवळ असेल तर ती तिसरं जोडते, 'खिचडी खाऊन येतंय, दुसरं काय?'

ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शेजारचं लेकरू केजीला जातं. त्याच्या वहीत ए बी सी डीची पानंच्या पानं असतात, खाली लाल शाईतला शेरा असतो. आपलं लेकरू मातीनं भरलेले हात घेऊन घरी येतं. पाटी असली तर तिच्यावर चार तिरप्या रेघा. ज्यानं फी भरली त्याला पुरावा मिळतो. ज्यानं भरली नाही त्याला मिळत नाही. पहिलीच्या आधीच्या वर्षात मूल जे शिकतं ते दिसतं कुठं, आणि ईटच्या बाजूला ते शिकणं पुरं होतं का, एवढ्याच दोन गोष्टी या लेखात पाहायच्या आहेत.

ईट हे महसूल मंडळाचं गाव. बालाघाटाचा हा मुलूख, पाऊस बेभरवशाचा. ज्वारी, तूर, उडीद, सोयाबीन. जोडीला दूध, आणि दुधाच्या जोरावर पेटणाऱ्या खव्याच्या भट्ट्या. भूमचा खवा लांबलांबच्या शहरांत जातो. ज्यांचं या कशावरच भागत नाही ते दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडं निघतात. हा जिल्हा 2018 पासून नीती आयोगाच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांत आहे. मागास म्हणायचं टाळून दिलेला मान तो. साधारण 400 ते 800 लोकसंख्येमागं एक अंगणवाडी, या निकषानं ईटएवढ्या गावात एकीवर भागत नाही. एक सेविका, एक मदतनीस, एक खोली.

या खोलीत लेकरू पहिल्यांदा शिकतं ते आईचा पदर सोडणं. जूनमधले पहिले आठ-पंधरा दिवस रडण्याचेच असतात. दारात उभी राहिलेली आई नजरेआड गेली म्हणजे कायमची गेली असं त्या जीवाला वाटतं. रोज ती जाते आणि रोज परत येते, हे अनुभवानं पटायला काही दिवस लागतात. ते पटलं की मूल पहिल्यांदा आजूबाजूला बघतं. आपल्याएवढीच आणखी वीस-पंचवीस लेकरं इथं आहेत, बाईंना आपलं नाव माहीत आहे पण बाई आपल्या एकट्याच्या नाहीत, ताट मिळणार आहे पण आपल्या आधी चौघं बसली आहेत. घरात एकुलतं किंवा लाडकं असलेल्या लेकराला ही शेवटची गोष्ट फार जड जाते. थांबणं शिकायला घरात मुळी कारणच पडलेलं नसतं.

आता खेळ. 'चिमणी उड, कावळा उड' आपण सगळेच खेळलो आहोत. गोल बसायचं, बोटं जमिनीवर टेकवायची, पक्ष्याचं नाव आलं की बोट वर. मधेच बाई म्हणतात, 'म्हैस उड!' ज्याचं बोट वर गेलं तो बाद. सगळी हसतात, बाद झालेलाही हसतो. या हसण्यात काय घडलं ते पाहा. बोट वर जायच्या तयारीत होतं, कानावर शब्द पडला, डोक्यानं तो तपासला आणि हाताला सांगितलं, थांब. मनाला आलेली पहिली उबळ आवरणं ही अभ्यासाची खरी पूर्वतयारी आहे असं बालमानसशास्त्र सांगतं. परदेशांतल्या संशोधकांनी ती मोजायला ज्या चाचण्या केल्या त्यांतल्या काही याच धर्तीच्या आहेत: डोक्याला हात लावा म्हटलं की पायाला लावायचा, पायाला म्हटलं की डोक्याला. आपल्याकडं म्हैस कधीपासून उडते आहे कोण जाणे, पण तिचा शेरा कुठल्याही वहीत पडत नाही.

गणिताचं तर विचारूच नका. 'आमचं पोरगं शंभरापर्यंत आकडे म्हणतंय,' हे घरोघरी कौतुकानं सांगितलं जातं. म्हणू द्या. पण त्याच्यापुढं पंधरा चिंचोके ठेवून मोजायला सांगा. तोंड पुढं पळतं, बोट मागं राहतं. एक चिंचोका दोनदा मोजला जातो, दुसरा राहूनच जातो. एका वस्तूला एकच आकडा, आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, या दोन गोष्टी समजणं हे पाचव्या वर्षाचं खरं गणित. त्याच्याही पुढची गंमत स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी दाखवली. पाच चिंचोक्यांची एक ओळ मांडा, खाली पाचांचीच दुसरी. मूल म्हणेल, सारखे. मग खालची ओळ त्याच्या डोळ्यांदेखत लांबवा, चिंचोक्यांमध्ये अंतर सोडा. आता बहुतेक पाच वर्षांची मुलं ठामपणे सांगतात, खालचे जास्त. एकही चिंचोका वाढला नाही हे त्यांनी पाहिलेलं असतं, तरीही. सहा-सात वर्षांच्या सुमाराला हे सुटतं. पण ते सुटण्याच्या आधी मुलानं चिंचोके, खडे, बांगड्यांचे तुकडे शेकडो वेळा मांडलेले आणि मोडलेले असावे लागतात. आकड्यांचं पाठांतर ही वाट जवळची करत नाही. त्यात मराठी आकडे म्हणताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक. त्यावर तोडगा म्हणून बालभारतीनं 2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी कधी एखाद्या लेकरापुढं चिंचोके मांडले होते, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

हातांबद्दल थोडं. केजीतल्या वहीचं पान पाच वर्षांच्या मुलाकडून भरून घेणं ही मला तरी जबरदस्ती वाटते, आणि त्याचं कारण शरीरात आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करून टणक होत जातात. शेवटचं तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. पेन्सिल तीन बोटांत धरून बारीक अक्षर काढायला लागणारी ताकद आणि ताबा आधी दुसरीकडून यावा लागतो: माती मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं, ठसे उमटवणं. शेतकऱ्याच्या घरात हे साहित्य फुकट पडलेलं असतं. शेंगा फोडणारं, ज्वारीतले खडे वेचणारं, कणकेच्या गोळ्याची चिमणी करणारं लेकरू लिहायलाच शिकत असतं. आजीला हे सांगितलं की ती म्हणेल, मग अंगणवाडीत कशाला पाठवायचं? तिचं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं भाषेत आहे.

घरात लेकराला बोलावं लागत नाही. 'माय, ते दी' म्हटलं आणि बोट दाखवलं की काम होतं. आईला सगळं कळतं. अंगणवाडीत बाईंना त्याच्या घरचं काहीच माहीत नसतं. 'काल आमची म्हैस व्याली' एवढं सांगायचं तरी कोणाची, कधी, मग काय झालं हे क्रमानं मांडावं लागतं. गोष्ट ऐकणं आणि परत सांगणं हे त्याच्या पुढचं. लेकीकडं निघालेल्या म्हातारीच्या गोष्टीत आधी कोणता प्राणी भेटला, नंतर कोणता, परतताना काय झालं, हे ज्या मुलाला सांगता येतं त्याच्या हातात आधी-नंतरची, कारण-परिणामाची दोरी आलेली असते. पुढं धडा वाचून उत्तर लिहायचं म्हणजे हीच दोरी धरायची. शिवाय शब्द फोडणं आहे. 'भाकर' म्हणताना तीन टाळ्या, भा-क-र. टाळ्यांच्या या खेळात मुलाला कळतं की शब्द तुकड्यांचा बनतो, आणि देवनागरीत प्रत्येक तुकड्याला जवळजवळ एक अक्षर आहे. हे कानाला कळल्यावर मुळाक्षरं सोपी जातात. कळायच्या आधी लादली तर ती निव्वळ चित्रं राहतात. शिवाय ईटच्या घरात मूल 'आलतो, गेलतो' म्हणतं आणि पुस्तकात 'आलो होतो, गेलो होतो' असतं. चांगली सेविका पहिलं चूक न ठरवता दुसरं कानावर घालत राहते. हे कौशल्य कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात का ते बाजूला ठेवू. गावातल्याच बाईला ते बहुधा उपजत येतं, कारण ती स्वतः दोन्ही बोलते.

'नुसतं खेळवतात' या तक्रारीचं वय ईटपेक्षा फार मोठं आहे. फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी 1837 मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग गावात लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे घेऊन मुलांना खेळवायला सुरुवात केली आणि 1840 मध्ये त्याला 'किंडरगार्टन' म्हटलं. 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारनं त्यावर चक्क बंदी घातली. ती उठायला 1860 उजाडलं. मुलांचा खेळ सरकारला धोकादायक वाटावा, याचं मला आजही नवल वाटतं. आपल्याकडं गिजुभाई बधेका वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि 1920 मध्ये तिथं बालमंदिर उभं राहिलं. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1936 मध्ये दादरला शिशुविहार काढलं. तेव्हा धाराशिव निजामाच्या राज्यात होतं. इथं 17 सप्टेंबर 1948 पर्यंत ते राज्य राहिलं, आणि मोठ्यांच्याच शाळा जिथं तुटपुंज्या तिथं पाच वर्षांच्या लेकराचा विचार कोण करणार?

ताराबाईंना मात्र लवकरच शहरी बालमंदिराचा संकोच वाटू लागला. माँटेसरीचं महागडं साहित्य, इस्त्रीचे कपडे, हे खेड्याला परवडणारं नव्हतं. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि तिथं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी विधवा झालेली, पुढं शिकून शिक्षिका झालेली ही बाई. गावातल्या दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढं 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. शिंपले, बिया, पानं, काटक्या हे शिक्षणसाहित्य झालं. आणि थोरल्या बहिणी धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणून 'विकासवाडी' उभी केली. कडेवरच्या भावाला पाळण्यात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत बसवायचं आणि आपण वर्गात जायचं. ईटच्या संदर्भात मला ही विकासवाडी पुन्हा आठवणार आहे.

केंद्र सरकारनं 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू केली, त्यातून पुढं अंगणवाडी देशभर गेली. पण जाताना तिच्या डोक्यावर सहा कामं आली: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि या पाचांच्या ओळीत शाळापूर्व शिक्षण. महाराष्ट्रात आज सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी शिकवणं हे उरलेल्या वेळेचं काम झालं आहे. 2021 पासून पोषण ट्रॅकर आलं. लेकराचं वजन, उंची, हजेरी, आहार सगळं मोबाइलवर भरायचं. माझं त्याला वावडं नाही. कुपोषण मोजलंच पाहिजे. आहाराचा निकष 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनांचा होता, त्यासाठी 2017 मध्ये ठरलेला दर मुलामागं दिवसाला 8 रुपये. या आठ रुपयांत काय शिजतं याची चौकशी आपण करतो, ती करायलाच हवी. पण लेकरानं आज किती वाक्यं उच्चारली, हे विचारायला कोणी पर्यवेक्षिका येत नाही. जे मोजलं जातं तेच काम ठरतं, असा सरकारी कामाचा नियमच आहे.

डिसेंबर 2023 मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनिसांनी संप केला, तो जानेवारीपर्यंत पन्नासहून अधिक दिवस चालला. मागणी मानधनाची, निवृत्तिवेतनाची. त्याआधी एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविकांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याचा हक्क आहे असा निर्वाळा दिला होता. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 11 मध्ये तीन ते सहा वयाच्या मुलांच्या शाळापूर्व शिक्षणाची जी तजवीज आहे ती अंगणवाड्यांमधूनच होते, याचीही दखल त्या निकालात आहे. न्यायालयाला जे दिसलं ते गावाला दिसत नाही. गावाला बाई दिसते ती खिचडी वाटणारी.

आणि केजीचं काय? मी सगळ्या केजींना झोडपणार नाही. काही चांगल्या आहेत. पण शाळापूर्व प्रवेशांवर नियंत्रण आणणारा कायदा महाराष्ट्रानं 1996 मध्येच केला, आणि तीन वर्षांच्या मुलाच्या मुलाखती नकोत हे त्याच्याही तीन वर्षं आधी यशपाल समितीनं सांगून ठेवलं होतं. तरी पालकांची घाई ओसरली नाही. पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण असावीत असा राज्याचा नियम, म्हणजे जुलै ते डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये सहा पूर्ण होण्याआधीच वर्गात बसू शकतं. 'असर' या शिक्षणविषयक सर्वेक्षणानं 2019 मध्ये देशातल्या 26 जिल्ह्यांत चार ते आठ वयाच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा एकाच इयत्तेत वयानं मोठी मुलं बरीच पुढं दिसली. तिकडं फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी शाळेत जातं, आणि त्याआधीचं एक वर्ष 2015 पासून सक्तीचं आहे, तेही खेळण्याचं. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ हा पाच वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला. 2022 च्या अभ्यासक्रम आराखड्यानं खेळ हीच त्या टप्प्याची पद्धत ठरवली. कागदावर फ्रोबेल जिंकला म्हणायचं.

पुराव्याचं म्हणाल तर तो फार उशिरा मिळतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात यिप्सिलांटी गावी 1962 ते 1967 या काळात 123 गरीब कृष्णवर्णीय मुलांवर पेरी प्रीस्कूलचा प्रयोग झाला. 58 मुलं बालवाडीत, 65 बाहेर. बालवाडीतल्या मुलांची बुद्ध्यंकातली आघाडी शाळेत गेल्यावर थोड्याच वर्षांत विरून गेली आणि टीकाकार खूश झाले. पण चाळिशीपर्यंत माग काढल्यावर दिसलं की त्या 58 जणांत शालान्त शिक्षण पूर्ण केलेले जास्त, नोकरीत जास्त आणि अटक झालेले कमी. तिथं पाच-सहा मुलांमागं एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला घरीही जात असे, हे विसरून चालणार नाही. आपली सेविका पंचवीस लेकरं, एक वजनकाटा आणि एक मोबाइल सांभाळते. भूम तालुक्यातच माणकेश्वरला सटवाईचं ठाणं आहे. जन्मानंतर पाचवी-सहावीच्या रात्री ती बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते अशी श्रद्धा. त्या लेखनात नंतर काही फेरफार करता येत असेल तर तो या वयात, एवढंच पेरीच्या आकड्यांवरून मी म्हणेन.

ईटच्या भागातलं खरं दुखणं मात्र वेगळंच आहे, आणि ते तारखेचं आहे. अंगणवाडीचं वर्ष जूनमध्ये उघडतं. रडणं थांबायला, बाईंची भीती जायला, गोष्टीत जीव रमायला दिवाळी येते. आणि नेमकं तेव्हा कोयता निघतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, मागे राहायची सोय नाही. मोठी पोरं आजीपाशी राहतात किंवा गावातल्या हंगामी वसतिगृहात जेवतात. पाच वर्षांचं लेकरू आईबरोबर ट्रकमध्ये चढतं आणि मार्च-एप्रिलमध्ये परततं.

उसाच्या फडातलं मूल काहीच शिकत नाही असं मी म्हणणार नाही. ते मोळ्या मोजतं, वाढे बांधायला हात लावतं, बैलाला नावानं हाक मारतं, कोपीतल्या तान्ह्या बहिणीला झोपवतं. पण त्याच्याशी बोलायला कोणाला वेळ नसतो. पहाटे अंधारात आईबाप उसात शिरतात, रात्री गाडी भरते. गोष्ट सांगणारं आणि ऐकणारं कोणी नाही. काही कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, त्या मुख्यतः मोठ्या मुलांसाठी. जिथं मूल जाईल तिथल्या अंगणवाडीत त्याला आहार मिळावा अशी स्थलांतरितांची सोय पोषण ट्रॅकरमध्ये आहे. फड अंगणवाडीपासून कोसभर लांब असला की ती सोय मोबाइलमध्येच राहते. जूनमध्ये हेच लेकरू पहिलीत बसतं. गुरुजी म्हणतात, कच्चं आहे.

करोनानं ही अवस्था एकदम सगळ्यांवर आणली होती. दोन वर्षं अंगणवाड्या बंद राहिल्या, घरी राहिलेली पोरं थेट पहिलीत गेली. त्यातून 2022 मध्ये राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान आलं. जिल्हा परिषद शाळेच्या आवारात मेळावा, सात टेबलं. लेकरू एका टेबलावर उड्या मारतं, दुसऱ्यावर रंग ओळखतं, तिसऱ्यावर चित्र बघून बोलतं, पुढं वस्तू मोजतं. आई शेजारी उभी राहून बघते आणि घरी काय करून घ्यायचं ते ठरवते. एप्रिलच्या आणि जूनच्या मेळाव्यांमध्ये जे आठवडे असतात त्यांत आयांचे गट मोबाइलवरच्या सूचनांप्रमाणं खेळ घेतात. या अभियानातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की 'नुसतं खेळवतात' म्हणणारी आई इथं स्वतः खेळवायला बसते. पण ज्या घराला सर्वांत जास्त गरज आहे ते घर एप्रिलच्या मेळाव्याला बहुतेक वेळा गावात पोचलेलंच नसतं.

कोसबाडला ताराबाई-अनुताईंनी पाळणाघर आणि बालवाडी एका छपराखाली आणली त्याला आता पासष्ट-सत्तर वर्षं होतील. आता केंद्राच्या 'पाळणा' योजनेतही अंगणवाडीलाच जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसभराचं पाळणाघर चालवायची तरतूद आहे. हंगामी वसतिगृह शाळेत नाव असलेल्या मुलांसाठी, म्हणून पाच वर्षांचं लेकरू त्यात बसत नाही. पण भावाबहिणीबरोबर आजीपाशी राहिलेल्या लेकराला सकाळपासून संध्याकाळपर्यंत सांभाळणारी अंगणवाडी गावात असेल तर त्याला फडावर न्यावं लागणार नाही. हे व्हायचं तर मागणी गावातून गेली पाहिजे, आणि ऑक्टोबरच्या आधी गेली पाहिजे. हा लेख ईटच्या, भूमच्या, शेजारच्या पाटोदा-जामखेडच्या वाचकांच्या हातात पडेल तेव्हा यंदाच्या गाड्या भरायला लागलेल्या असतील. यंदाचं वर्ष गेलं. पुढच्यासाठी येत्या ग्रामसभेत ठराव मांडा, आणि मांडताना सेविकाबाईंना समोरच्या खुर्चीवर बसवा.